औषधदान, अभयदान आणि औषधशास्त्र
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, वारंगा फाटा येथे केलेले भाषण)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान व अभयदान ही चार दाने आपणांस बालपणापासून ठाऊक आहेत. परंतु घरातील मुलाने वा मुलीने विद्यापीठात औषधशास्त्र, अर्थात फार्माकॉलॉजी, शिकण्याचे ठरविले की यांतील दोन दाने परस्परांसमोर उभी राहतात. औषध शरीरात कसे कार्य करते, कोणत्या मात्रेत तारते आणि कोणत्या मात्रेत मारते, हे सांगणारे हे शास्त्र. त्याचे प्रयोग मात्र दीर्घकाळ उंदीर, ससे, बेडूक यांच्यावर होत आले. म्हणून ‘हा मार्ग आपला नव्हे’ असे पालक म्हणतात. हे मत मला पूर्णतः ग्राह्य वाटत नाही.

नवव्या शतकात आचार्य उग्रादित्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला व मद्य, मांस, मधु वर्ज्य करून औषधयोग सांगितले. १९४० साली तो सोलापूर येथून हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. आचार्यांनी वैद्यक त्यागले नाही. वैद्यकात अहिंसा नेली.

आधुनिक काळात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्राच्या प्राध्यापिका कै. डॉ. शारदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीसारख्या वनस्पती संशोधनाच्या कसोटीवर घासून पाहिल्या. अशा नोंदींचे मोल हळदीने शिकविले. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सी.एस.आय.आर.ने जुने ग्रंथ व शोधनिबंध पुढे ठेवले, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. आपल्या शिवारात पिकणाऱ्या हळदीचे गुण आजी जाणते. पण न्यायासनासमोर लिखित पुरावाच बोलतो.

आता अभयदानाविषयी. प्रयोगास पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या घटवावी, वेदना कमी करावी, ही त्रिसूत्री रसेल व बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडली. आपल्या देशात प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. आज विद्यार्थ्यांची अनेक प्रात्यक्षिके संगणकावर होतात. २०२३ साली औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशीसंवर्धन, संगणकीय प्रतिमाने अशा प्राणिविरहित पद्धतींना स्थान मिळाले. तथापि प्राण्यांवरील प्रयोग अद्याप संपलेले नाहीत.

ते संपविणार कोण? रक्तदाबाची गोळी आपण सर्वच घेतो. ती कशी सिद्ध झाली, हे किती जण विचारतात? अहिंसा मानणारे प्रयोगशाळेबाहेरच राहिले, तर आत मुक्या जिवाची बाजू कोण मांडील? नवा पर्याय शोधणारा संशोधक एकाच वेळी औषधदान व अभयदान करीत असतो.

म्हणून विश्वस्तांस नम्र विनंती, की शिष्यवृत्ती देताना औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांस वगळू नये. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आपल्याला जवळ आहे. मुलामुलींना तेथे अवश्य पाठवावे, आणि पाठविताना हा प्रश्नही शिदोरीत बांधून द्यावा. तेच आपले शास्त्रदान ठरेल.

जय जिनेंद्र!