काट्याला हात लावू नये
(मंडळाच्या विज्ञानवर्गाच्या पालकसभेत केलेले भाषण)



उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे वाक्य मुलांना पाठ असते. ते प्रत्यक्ष पाहिलेले मात्र फार थोड्यांनी असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्यापूर्वी लोहार ती तापवितो, चढल्यावर पाणी ओततो आणि आकसलेली धाव चाकाला घट्ट आवळते. परप्रांतात वाढलेल्या आमच्या मुलांना ‘धाव’ हा शब्दही या अर्थाने ठाऊक नव्हता. म्हणून प्रकल्पाचा आरंभ आम्ही तेथूनच केला.

योजना साधी होती. लोखंड, तांबे व ॲल्युमिनियम यांच्या तीन नळ्या घ्यावयाच्या. प्रत्येकीचे एक टोक पक्के बांधावयाचे आणि तेथून अर्ध्या मीटरवर ती १ मिलिमीटर जाडीच्या सुईवर टेकवावयाची. सुईला कागदी काटा. नळीतून वाफ सोडली की नळी वाढते, सुई लोळते, काटा फिरतो. तापमान २५ अंशांवरून १०० अंशांवर गेल्यास ॲल्युमिनियम सुमारे ०.८६ मिलिमीटर वाढते, लोखंड जवळजवळ त्याच्या निम्मे. म्हणजे काटा ॲल्युमिनियमसाठी ४९, तांब्यासाठी ३६ आणि लोखंडासाठी २६ अंश फिरावा. हे अंदाज मुलांनी आधीच वहीत लिहिले.

मुले सहा. दोघे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली वाफेपाशी, दोघे काट्यापाशी, एकाकडे नोंद, एकाकडे गणित. नळी बदलली की कामेही बदलावयाची; नुसता तक्ता धरून कोणी उभे राहावयाचे नाही.

रंगीत तालमीत काटा जेमतेम हलला. पाहुण्यांपुढे फजिती नको, म्हणून आमच्यापैकीच एका वडीलधाऱ्यांनी तो बोटाने थोडा ढकलण्याचे सुचविले. नोंद ठेवणाऱ्या मुलीने विचारले, “काका, मग वहीत काय लिहू?” आम्ही निरुत्तर झालो. शोध घेता बांधलेले टोकच सैल निघाले; नळी मागच्या बाजूला सरकत होती. मुलांनी ते आवळले आणि काटा फिरला. गणिताहून थोडा कमीच, कारण नळी सर्वत्र १०० अंशांना पोहोचली नव्हती. फसलेल्या प्रयोगाची नोंदही वहीत तशीच ठेविली आहे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे: साहित्य आणून द्यावे, वाफेपाशी उभे राहावे, काट्याला मात्र हात लावू नये.