प्रवेश परीक्षेचा रोजमेळ



बारामती-इंदापूरकडील व्यापारी घरांतील काही मुले दहावी होताच लातूर वा कोट्याची वाट धरतात. वस्तुतः राज्याच्या सीईटीत सुमारे ८० टक्के भर बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो; ती पुस्तके घरातच असतात. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका उदाहरणास १०८ सेकंद. हा वेग घड्याळ लावूनच अंगवळणी पडतो.

सीईटीत चुकीच्या उत्तरास गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. नीटमध्ये मात्र अचूक उत्तरास ४ गुण, तर चुकीस १ गुण वजा. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांची गल्लत होते ती येथेच.

रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानास कुलूप लागत नाही. तद्वत प्रत्येक सराव प्रश्नपत्रिकेनंतर चुकांची वही लिहावी : सूत्र विसरले, की घाई नडली? प्रतिक्रमणाचे संस्कार असलेल्या घरांत हे अवघड नसावे. पण क्लासची फी भरून पालक निश्चिंत होतात. वही कोणी उघडत नाही.

न्यासाचे सभागृह सायंकाळी रिकामे असेल, तेव्हा चौविहारानंतर दोन तास तेथे अभ्यासिका चालावी. दहा टेबले, एक घड्याळ आणि गतवर्षी परीक्षा दिलेला एखादा विद्यार्थी एवढे आरंभास पुरे.