निळी की राखाडी? आमच्या कच्च्या वहीची गोष्ट

आम्ही परळ-लालबागच्या चाळींतल्या बचत गटांतल्या बायका. आज आम्ही शाईबद्दल बोलणार आहोत. बँकेचं, कर्जाचं सोडून हे शाईचं काय काढलं, असं वाटेल. पण आमच्या एका मावशींचं बाराशे रुपयांचं कर्ज फिटलं की नाही, हे शेवटी शाईनंच सांगितलं.

झालं असं. आमच्या गटाच्या सचिवताईंचं अक्षर शाईपेनानंच चांगलं येतं, म्हणून वही शाईनं लिहायची पद्धत पडली. बैठकीत त्या आधी कच्च्या वहीत लिहितात आणि मग घरी बसून पक्क्या वहीत उतरवतात. कच्च्या वहीला रकाने नाहीत. नाव आणि रक्कम, बस. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली होती. बचत आली की निळ्या-काळ्या शाईनं लिहायचं, कर्जाचा हप्ता आला की काळ्या शाईनं. काळी शाई संपत आली तेव्हा त्यांनी बाटलीत थोडं पाणी घातलं. अक्षर राखाडी दिसायला लागलं, पण वेगळं कळत होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

जुलैत खोलीचं छत गळलं आणि वही रात्रभर भिजली. चार बैठकांचं पक्क्या वहीत उतरवायचं राहिलं होतं. वाळवून बघतो तर निळ्या-काळ्या अक्षरांतला निळा रंग वाहून गेलेला आणि मागे करडी रेघ उरलेली. पाणी घातलेली काळी तर आधीच राखाडी. दोन्ही सारखंच! मावशींच्या नावापुढे बाराशे रुपये वाचता येत होते, पण ती बचत की हप्ता? मावशी म्हणाल्या, "मी कर्ज फेडलंय." दोघी-तिघी म्हणाल्या, "बचत दिली असेल, तुम्ही विसरलात." मावशींचं पासबुक विरारला लेकीकडे राहिलेलं, तिथे सापडेना. दिवसाची एकूण जमा दोन्ही बाजूंनी तीच येते, त्यामुळे बेरजेचाही उपयोग नाही. त्यात गणपती तोंडावर. मावशींना मोदकाच्या पिठासाठी नवं कर्ज हवं होतं आणि जुनं फिटल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा आमचाच नियम. मावशी बैठकीला यायच्या बंद झाल्या.

गटातल्या एका वहिनींचे सासरे गिरणीत रंगखात्यात होते. ते म्हणाले, "ट्यूबलाइटखाली दोन रंग कधी जुळवू नका. आम्ही उत्तरेच्या खिडकीत बघायचो, तिथे ऊन थेट येत नाही. आणि ओलं बघू नका. ओला रंग नेहमी गडद दिसतो." लुगडं घेताना आपण दुकानाच्या पायरीवर येऊन बघतो, तेच हे. दिव्याखाली पारवा वाटलेला रंग बाहेर निळसर निघतो, हे आपल्याला काही नवीन नाही.

मग आम्ही त्याच वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, त्याच पेनानं, त्याच दोन शायांनी "बाराशे" लिहिलं. कागद आणि निब तीच ठेवायला हवी, कारण जाड निबेनं तीच शाई गडद दिसते, बारीक निबेनं फिकी. एक दिवस वाळू दिलं. मग पाणी टाकून पुन्हा वाळवलं आणि पान खिडकीत नेलं. रेघा खरंच सारख्या दिसत होत्या. फरक रेघेत नव्हता, तो भोवती पसरलेल्या डागात होता. निळ्या-काळ्या शाईचा डाग कडेला अस्मानी, तर पाणी घातलेल्या काळीचा कडेला जांभळट. शाईत एकच रंग नसतो, दोन-तीन मिसळलेले असतात आणि पाणी त्यांना वेगवेगळ्या वेगानं ओढून नेतं. घरी मुलांना दाखवायचं असेल तर टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवा, ठिपका वर राहू द्या. रंग सुटे होताना दिसतील.

मावशींच्या नोंदीभोवतीची कड जांभळट होती. म्हणजे हप्ता. इतर नोंदीही तशाच पडताळल्या. ज्यांची पासबुकं घरी होती, त्यांच्याशी सगळ्या जुळल्या, तेव्हा बोलणाऱ्या गप्प झाल्या.

यानंतर शाईचा विषय आम्हाला लागलाच. आपल्याकडे शाईच्या धंद्याचा एक मोठा धागा गिरगावातला आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली तिथे शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे त्यांची 'कॅमल' शाई आली आणि कॅमल आणि इंक मिळून 'कॅमलिन' हे नाव झालं. शाळेत बोटं निळी करून घेतलेल्या आपल्यापैकी कित्येकींना उंटाचं चित्र आठवेल.

शाळेसाठीची रॉयल ब्लू शाई धुतली जावी अशीच केलेली असते, म्हणजे गणवेश वाचतो. हिशेबाला ती नको. उन्हातही ती लवकर उडते. निळी-काळी जुन्या काळी वेगळी होती. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो ना? हिरड्यात हिराकस घातलं तरी तेच होतं. जुन्या निळ्या-काळ्या शाईत अशीच करामत असायची. लिहिताना निळी दिसायची, हवा लागली की हळूहळू काळी व्हायची, चंद्रकळेसारखी, आणि कागदात मुरायची. आता त्याच नावानं मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत नुसते रंग असतात. नावावर जाऊ नका, बाटलीवर 'पर्मनंट' लिहिलंय का ते बघा आणि तरीही घरी एकदा भिजवून बघा. मतदानाला बोटाला लावतात ती शाई मात्र निराळीच. ती म्हैसूरला बनते, १९६२ पासून वापरात आहे आणि तिच्यात चांदीचा क्षार असतो. ती वहीसाठी नाही, मागू नका!

आणि शाईत पाणी घालू नका. आमच्या सचिवताई आता स्वतःच हे सगळ्यांना सांगतात. कच्च्या वहीला आम्ही रकाने आखले: बचत, हप्ता, व्याज. रंगावर काही सोडलं नाही. पासबुक त्याच बैठकीत भरायचं, घरी नेऊन नाही.

मावशींकडे आम्ही पाचजणी ते पान घेऊनच गेलो. त्यांनी चष्मा लावला, खिडकीशी जाऊन दोन्ही डाग बघितले आणि म्हणाल्या, "मी तोंडानं सांगत होते तेव्हा नाही पटलं." आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं. चहा मात्र केला त्यांनी. पिठाचं कर्ज पुढच्या बैठकीत मंजूर झालं आणि नोंद झाल्यावर मावशींनी वही स्वतःकडे ओढून रकाना वाचून घेतला, मगच सही केली.