उपचारांना न जुमानणारा रक्ताचा कर्करोग



नांदेड-लातूरकडील एखाद्या खेड्यात लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते. काही आठवड्यांच्या उपचारांनंतर ताप उतरतो, चेहऱ्यावर तजेला येतो. मुंबईचे हेलपाटे, बुडणारी मजुरी आणि तोंडावर आलेली सोयाबीनची काढणी पाहून घरची मंडळी म्हणतात, "पोर बरे झाले, आता पुरे." हे "आता पुरे" किती महागात पडते, ते आज सांगावयाचे आहे.

मुलांमध्ये आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाचे उपचार साधारणतः २ ते ३ वर्षे चालतात. लक्षणे गेली तरी काही रोगपेशी शिल्लक राहू शकतात. त्या पुन्हा वाढल्या की पूर्वीची औषधे अनेकदा निष्प्रभ ठरतात. हे कसे घडते याचे प्रयोग रुग्णावर करता येत नाहीत. म्हणून प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असलेल्या उंदरांच्या शरीरात मानवी रोगपेशी वाढवितात, औषध देतात आणि कोणत्या पेशी तग धरतात ते पाहतात.

महाराष्ट्रात या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या साहाय्याने कर्करोगाचे मौलिक संशोधन केले. १९८२ साली त्या पद्मभूषण किताबाच्या मानकरी ठरल्या. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने नवा उपचार सिद्ध केला. यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून, त्या रोगपेशींशी लढण्यासाठी परत शरीरात सोडतात. उंदरांवर पारख झाल्यावर ४ जून २०२१ रोजी खारघर येथे तो प्रथम रुग्णाला देण्यात आला. 'नेक्सकार१९' या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास मान्यता मिळाली. उलटलेल्या काही विशिष्ट रक्तकर्करोगांवर तो दिला जातो.

तथापि, उंदराला लागू पडलेले औषध माणसाला लागू पडेलच असे नाही. हा नवा उपचारही सर्वांना गुणकारी ठरत नाही, आणि तो खर्चिक आहे. म्हणून हाती असलेला पहिला उपचार पूर्ण करणे, हेच सर्वांत मोठे शहाणपण होय.

शिक्षक बंधु-भगिनींनो, दीर्घकाळचा ताप, फिकटपणा, अंगावरील काळेनिळे डाग, हाडांचे दुखणे यांकडे लक्ष ठेवा. पंचायत सदस्यांनो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि रेल्वेची भाडेसवलत यांची माहिती त्या घरापर्यंत पोहोचवा. काढणीला चार हात गावाने दिले, तर एका मुलाचा उपचार अर्धवट राहणार नाही.