पाऱ्याचें जुनें नांव

उन्हाळा आला कीं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एक वाक्य हटकून कानीं पडतें : 'सांताक्रूझला पारा चढला.' शहराचें उष्णतामान कुलाब्याच्या वेधशाळेवरून आणि उपनगरांचें सांताक्रूझवरून सांगण्याची वहिवाटच आहे. आतां बऱ्याच ठिकाणीं पाऱ्याच्या नळीची जागा विजेच्या साधनांनीं घेतली. तरी बोलण्यांतला पारा जागचा हललेला नाहीं. तापट माणसाचा तो चढतो आणि अवखळ मुलाला त्याचीच उपमा मिळते. परंतु या शब्दाचें कूळ कोणतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

पारा हें संस्कृत 'पारद' या शब्दाचें रूप होय. प्राकृतांत शेवटचा 'द' झिजला आणि 'पारा' उरला. अमरकोशानें या धातूचीं चार नांवें दिलीं आहेत : चपल, रस, सूत आणि पारद. यांपैकीं 'चपल' हें नांव उघडच डोळ्यांना दिसलें तें सांगतें. शून्याखालीं सुमारें ३९ अंशांपर्यंत न गोठणारा, पाण्याच्या साडेतेरा पट जड असूनहि तळहातावर न ठरणारा दुसरा धातु कोणता? ग्रीकांनीं याला 'पाण्यासारखें रुपें' म्हटलें, आणि त्याच नांवाचीं दोन अक्षरें, एच् व जी, आजहि रसायनशास्त्रांत त्याची खूण म्हणून चालतात. इंग्रजांचें जुनें नांव 'क्विक्सिल्व्हर', म्हणजे जिवंत रुपें.

'पारद' मात्र दिसण्यावरून पडलेलें नांव नव्हे. जल देतो तो जलद, तसा पार देतो तो पारद. पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथावलींत छापलेल्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथांत याचा उलगडा असा : रोगांच्या चिखलांत बुडालेल्यांना जो पैलतीरीं नेतो, तो पारद. माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहां'त रसेश्वरदर्शन म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें हा पैलतीर संसाराचा आहे. सर्व धातु गिळतो म्हणून 'रस', देहाची व लोहाची सिद्धि प्रसवतो म्हणून 'सूत', अशाच इतर व्युत्पत्त्या. शिवाशीं नातें जोडून 'हरबीज' हेंहि नांव पडलें.

या व्युत्पत्त्या सुंदर आहेत. पण सुंदर आहेत म्हणून त्या खऱ्याच, असें नव्हे. महाभारतांत व मनुस्मृतींत पारद नांवाच्या लोकांचा उल्लेख येतो. पारा मिळण्याजोग्या मोठ्या खाणी हिंदुस्थानांत नाहींत. तेव्हां परमुलखांतून आलेल्या जिनसेला तिकडील लोकांचें नांव चिकटलें असावें आणि 'पार देणारा' हा अर्थ मागाहून बसविला असावा, असाहि तर्क करितां येतो. तो सिद्ध झालेला नाहीं. परंतु शब्दाची फोड व्याकरणांत नीट बसली म्हणजे त्याचा उगम सांपडला, असें समजूं नये, एवढा धडा त्यांत आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. नांवांतील वचनावर विसंबून अशोधित पारा पोटांत घेणारे लोक होऊन गेले. पाऱ्याचें विष किती दूर पोहोंचतें, हें १९५६ सालीं जपानांतील मिनामाता गांवीं उघड झालें : कारखान्याच्या सांडपाण्यांतून तें माशांत आणि माशांतून माणसांत गेलें. त्या गांवाच्या नांवानें २०१३ सालीं झालेला आंतरराष्ट्रीय करार भारतानें २०१८ सालीं मान्य केला.

प्राचीन रसवैद्य याविषयीं अजाण नव्हते. त्यांनीं पाऱ्याचे दोष मोजले, त्यांत विष हा दोष स्पष्ट सांगितला आणि अठरा संस्कारांची चौकट घातली. त्या संस्कारांनीं विष खरोखर जातें काय, हें ठरविण्याचें काम प्रयोगशाळेचें. परंतु भय त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून घरांतील जुनी तापनळी फुटून फरशीवर रुपेरी गोळ्या धावूं लागल्या, तर मुलांना दूर न्यावें, खिडक्या उघडाव्या आणि केरसुणी फिरवूं नये. अशा वेळीं 'पारद' या नांवापेक्षां 'चपल' हेंच नांव ध्यानांत ठेवणें हिताचें.