मागील बाकी



मी ठाण्यात खोपटला राहते, एस.टी. आगारापासून चार पावलांवर. पहाटे गॅलरीत उभं राहिलं की खांद्याला डब्याची पिशवी अडकवून निघालेले शिक्षक दिसतात. कुणी इथूनच भिवंडीकडची गाडी धरतं, कुणी स्टेशन गाठून आसनगावची लोकल पकडतं आणि पुढे शहापूरच्या आतल्या गावात जातं, कुणी कल्याणला उतरून मुरबाडची एस.टी. बघतं. एकतीस वर्षं मीही त्यांच्यातलीच होते. गावातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये शिक्षिका, आणि शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका.

मला विषय दिला आहे ग्रामीण हायस्कूलचा कारभार आणि त्याची वर्षभरातली प्रगती. विषय मोठा आणि मिनिटं दहा. म्हणून इमारत, अनुदान, पदभरती हे सगळं बाजूला ठेवते आणि एकाच वस्तूबद्दल बोलते. शाळेच्या कपाटात कापडी पाठीची एक लांबट वही असते. समितीच्या सभांचं इतिवृत्त त्यात लिहितात. शाळा पुढे सरकते आहे की जागच्या जागी आहे ते या वहीत कळतं, आणि नेमकी हीच वही कुणी वाचत नाही.

तुम्ही समितीवर असाल तर सभेचा पहिला विषय तुम्हाला पाठ असेल. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ ‘वाचून’ हा शब्द तिथे असतो, दरवेळी असतो. प्रत्यक्षात कुणीतरी म्हणतं, ‘कायम’. दुसरं कुणी मान हलवतं, आणि विषय क्रमांक दोन सुरू होतो.

मी जिथे होते त्या शाळेतली गोष्ट सांगते. एका जूनच्या सभेत ठरलं की मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी बसवावी. पावसाने दार फुगलं होतं, जुनी कडी निखळली होती. एकमताने मंजूर. ऑगस्टमध्ये पुन्हा तोच ठराव. दिवाळीनंतर पुन्हा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा, अगदी त्याच शब्दांत. चारही वेळा एकमताने. तेवढा काळ मुली जोडीने जात होत्या, एक आत आणि एक बाहेर दार धरून उभी. जिला जोडीदारीण मिळत नसे ती सकाळपासून पाणी पीत नसे. कडीची किंमत शंभर रुपयेही नव्हती. त्या चारही ठरावांखाली सचिव म्हणून माझी सही आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी एका सभेला आलेल्या आईने विचारलं, “बाई, मागच्या वेळी कडीचं ठरलं होतं ना? बसली का?” दुसऱ्या दिवशी सुतार आला.

त्या आईने एवढंच केलं की मागचं पान उघडायला लावलं.

माझ्या लहानपणी वाण्याकडे महिन्याचं खातं असे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. वह्या दोन असत. एक दुकानात, एक आपल्याकडे, फडताळात तांदळाच्या डब्यामागे. सामान आणायला जाताना आपली वही न्यायची आणि वाण्याने दोन्हींत लिहायचं. नव्या महिन्याचं पान उघडलं की सगळ्यात वर, साखरेच्या आणि तेलाच्याही आधी, एक ओळ पडायची, ‘मागील बाकी’. ती ओळ लिहिल्याशिवाय वाणी नव्या पानावर चिमूटभर हळदही चढवत नसे. घरी आल्यावर आई ती ओळ मागच्या पानाच्या शेवटाशी ताडून बघायची. यात वाण्यावर अविश्वास नव्हता. तो आमच्याकडे लग्नकार्याला हक्काने येणारा माणूस. दोन वह्या होत्या म्हणून तर इतकी वर्षं बोलणं गोड राहिलं.

इतिवृत्ताची वही म्हणजे दुकानातली वही. गावाच्या फडताळात तिची जोड नाही. आणि नव्या पानावर मागील बाकी लिहिण्याची रीतही नाही. त्यामुळे कडीचा ठराव दरवेळी नव्याने होतो, जणू पहिल्यांदाच कुणाला सुचला.

समित्या कोणत्या, ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. त्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. पण २०१२च्या दुरुस्तीने अनुदानित खाजगी शाळेत या समितीचं काम केवळ सल्ला देण्यापुरतं राहिलं. शिवाय तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीची मुलं त्याच्या कुंपणाबाहेर. दुसरी ती शालेय समिती, खाजगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीतली. तिच्यात संस्थेचे प्रतिनिधी, शिक्षकांमधून एकजण आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक. तिथे पालकाला खुर्ची नाही. म्हणजे पालक बसतात त्या सभेला अधिकार थोडा, आणि अधिकार आहे त्या सभेत पालक नाहीत.

यावर संस्थाचालकांशी भांडावं असं मी सांगत नाही. गावात हायस्कूल काढणं आणि चालवणं काय असतं ते मी जवळून पाहिलं आहे. मी एवढंच म्हणते की ज्या समितीच्या हाती फक्त सल्ला आहे तिने आपला सल्ला विसरता कामा नये. मागच्या वेळी आपण काय सांगितलं आणि त्याचं काय झालं, हे प्रत्येक सभेत आधी वाचा. मोठ्याने वाचा. पंधरा मिनिटं जातील, जाऊ द्या.

पालक येतच नाहीत, अशी तक्रार शिक्षक करतात. मीही करत असे. मग एकदा सभांच्या वेळा काढून बघितल्या. सगळ्या दुपारी अडीचच्या. का, तर आम्हाला साडेचारची एस.टी. गाठायची असायची. त्या वेळी आया कुठे असतात? आषाढात आवणीला, कार्तिकात कापणीला, उरलेलं वर्ष वीटभट्टीवर नाहीतर गोदामात. सभेला यायचं तर दिवसाचा रोज बुडवायचा. मग रजिस्टर शिपायाबरोबर घरोघर जातं आणि सह्या होतात. शिक्षकांनो, तुमची धावपळ मला माहीत आहे, कल्याणच्या गर्दीत मी तेवीस वर्षं उभी राहिले आहे. तरी सांगते, वर्षातून चार सभा बाजाराच्या दिवशी ठेवा, तेव्हा गाव मोकळं असतं. त्या दिवशी शेवटची गाडी चुकली तर गावात राहा. कुणीही जेवायला वाढेल.

आणि ‘पालक अडाणी आहेत, त्यांना इतिवृत्तातलं काय कळणार’ हे तर बोलूच नका. याच आपल्या जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात, ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या बायका अक्षर गिरवू लागल्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या बाईला आपल्या नावाच्या सहीचं मोल किती असतं ते त्यांच्याकडे बघून कळतं. आणि आपण, शिकलेली माणसं, न वाचलेल्या पानाखाली सही करतो.

पूर्वीच्या शाळांना गावाच्या फडताळातली दुसरी वही आपोआप मिळत असे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्या कामाला मुष्टिफंडाचा आधार होता. घरातल्या बाईने दळणातलं मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला काढायचं. ज्या घरातून मूठ गेली ते घर चौकशी करणारच, पोरं जेवली का, शिकतात का. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलं, आता पालघरमधलं, बोर्डीचं सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल १९२०चं. तिथे आचार्य भिसे यांच्यासारखा शिक्षक गावातच राहत होता. शाळेचं काय चाललंय हे विचारायला सभा लागत नव्हती, रस्त्यात भेटले तरी पुरे. आता पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि मास्तर खोपटहून. पगार वेळेवर येतो हे चांगलंच आहे, त्यासाठी फार झगडावं लागलं. पण मूठ गेली तशी चौकशीही गेली. म्हणून वही मोठ्याने वाचायची. मी तेच तेच सांगते आहे असं वाटेल. वाटू द्या. रेडिओ मध्येच लावणारे श्रोते असतात, त्यांच्यासाठी पुन्हा सांगते: प्रत्येक सभेत पहिल्यांदा मागील बाकी, मग नवे विषय.

आता प्रगतीबद्दल. हे खरं तर आधी बोलायला हवं होतं. शाळेचा वार्षिक अहवाल स्नेहसंमेलनात वाचला जातो. समोर मुलं नाचाचे कपडे घालून खोळंबलेली, पाहुण्यांना परतायची घाई. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, शिष्यवृत्ती, विज्ञान प्रदर्शन, कबड्डी, आणि शेवटी दहावीचा निकाल. टक्केवारीला टाळ्या पडतात.

ती टक्केवारी जरा उलगडून बघू. समजा, एका वर्षी आठवीत ६० मुलं-मुली होती. दोन वर्षांनी त्यातली दहावीच्या परीक्षेला बसली ४१. पास झाली ३९. फलकावर लागतं, निकाल ९५ टक्के. हिशेब बरोबर आहे, त्यात काही खोटं नाही. पण आठवीच्या वर्गापासून मोजलं तर तो ६५ टक्के आहे. मधली १९ कुठे गेली? काहींनी दाखला नेऊन दुसरीकडे नाव घातलं असेल, ते सोडून द्या. काही दिवाळीनंतर आई-बापांबरोबर भट्टीवर गेली आणि परत आली नाहीत. पटसंख्या मोजतात ३० सप्टेंबरची, शिक्षकांची पदं तिच्यावर ठरतात. भट्ट्या पेटतात त्यानंतर. त्यामुळे कातकरी वाडीतलं पोर मोजणीत असतं आणि जानेवारीत बाकावर नसतं. मुलींचं आणखी वेगळं. एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे, पण शाळा सुटल्यावरची गाडी रद्द झाली तर अंधारात चार किलोमीटर कोण पाठवेल? दोन-तीनदा असं झालं की बाप म्हणतो, पुरे. त्यात ती दाराची कडी धरा. मुलगी शाळा सोडते तेव्हा एकच कारण क्वचित असतं, अशा छोट्या छोट्या…

निर्माते काचेमागून खूण करताहेत, दोन मिनिटं राहिली. गाडीच्या वेळेबद्दल आगारप्रमुखांना पत्र कसं द्यायचं ते सांगायचं होतं, ते राहू दे.

त्या १९मधली परत न आलेली नावं ही शाळेची मागील बाकी आहे. नवीन वर्षाचा अहवाल लिहिताना पहिल्या ओळीवर ती यायला हवी, निकालाच्या वर, कबड्डीच्या वर. शोधायला जड नाही. जनरल रजिस्टर उघडा. प्रत्येक मुलाचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचा रकाना. तो रकाना कुणाचा भरला आहे आणि कुणाचा कोरा आहे ते वर्गशिक्षकाला एका दुपारात काढता येतं. मी निवृत्तीच्या वर्षी काढलं होतं. अकरा नावं निघाली, त्यातल्या चार मुली. समितीवरच्या दोन आया आणि मी, तिघी एका रविवारी वाडीवर गेलो. दोघी परत आल्या. तिसरीचं लग्न झालं होतं. चौथी घरी नव्हती. तिची आजी दारात भात पाखडत होती. म्हणाली, “पुढल्या आयतवारी या, तवर पोर येईल.” पुढच्या रविवारी मला जमलं नाही, आणि महिनाअखेर मी निवृत्त झाले. पण जाण्याआधी इतिवृत्तात तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘पुन्हा भेट देणे’. त्या वहीचं आता कितवं पान चालू असेल… वेळ झाली.