घरबांधणी आणि दगडाचे पीठ



पाऊसकाळ सरला, सुगी घरात आली, की आपल्या जालना जिल्ह्यात गावोगाव बांधकामे निघतात. कुणाचे घरकुल मंजूर झालेले असते, कुणी माळवदाच्या जुन्या घराला सिमेंटच्या ठोकळ्यांची खोली जोडतो. ठोकळ्याचा कोपरा जरा वाढला, की गवंडी ग्राइंडर लावतो. पांढरा लोट उठतो, पोरे गंमत पाहत उभी राहतात. त्या लोटाविषयी आज थोडे बोलायचे आहे.

पूर्वी हे काम छिन्नी-हातोड्याने होई. छिन्नीने ढलपा उडतो. तो एक वेळ डोळ्याला लागेल, पण छातीत जात नाही. ग्राइंडरची चार इंची चकती मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते आणि दगडाचे पीठच करते. त्यातले जाडे कण नाकात अडतात. जे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यांत सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश असला, तर फुप्फुसात व्रण पडून ते हळूहळू निबर होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, शिवाय क्षयाला वाट करून देतो.

आपला काळा पाषाण लाव्ह्यापासून झालेला. त्यात मोकळी सिलिका फार थोडी. पण नदीच्या वाळूचे ठोकळे, भाजलेली वीट, ओट्याचा ग्रॅनाइट यांत ती पुष्कळ असते.

शिक्षक बंधुभगिनींना पाटीवरची पेन्सिल आठवत असेल. मध्य प्रदेशातील मंदसोरला या पेन्सिली यंत्राच्या करवतीने कापल्या जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांना तपासले. 1985 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस होता. मुलांना अक्षरे गिरवायला दिलेली वस्तू ती!

आता, एका घराच्या कामाने घरमालकाला हा रोग होईल, असे मी म्हणत नाही. तुमचे घर आठ-पंधरा दिवसांत उठते. पण गवंडी आणि त्याच्या हाताखालचा पोरगा उद्या दुसऱ्या घरी, परवा तिसऱ्या घरी तीच धूळ खातो. आणि पाणी, मास्क, जागा या गोष्टी त्याच्या हाती नसतात, घरमालकाच्या असतात.

पाणी म्हटले की आपल्याकडे लोक दचकतात. 2012-13 चा दुष्काळ कोण विसरेल? पण हिशेब तर पाहा. चकतीवर मिनिटाला अर्धा लिटर पाणी पडत राहिले, तरी धूळ पुष्कळ दबते. वीस मिनिटे कापायचे म्हटले तर दहा लिटर, म्हणजे पुरती बादलीही नाही. ठोकळा आधी भिजवून भागत नाही; पाणी कापताना, चकतीपाशीच पडायला हवे. मात्र साध्या विजेच्या ग्राइंडरवर कुणी पाणी ओतू नये, जीव जाईल. पाण्याची नळी असलेले यंत्रच आणावे, आणि तेही 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून चालवावे. ते नसेल तर छिन्नी बरी. हलके पांढरे सिपोरेक्सचे ठोकळे तर हातकरवतीने कापता येतात.

तोंडाला दस्ती बांधून समाधान होते, बारीक धूळ अडत नाही. एन-95 मास्क हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी वाढलेली असली तर कडेने हवा शिरते. काम उघड्यावर करावे, वारा बाजूने घ्यावा. पाठीमागून वारा आला, तर धूळ अंगापुढेच घुटमळते. शाळेच्या खोल्यांची दुरुस्ती असेल, तर कापाकापी शाळा सुटल्यावर ठेवावी.

संध्याकाळी केरसुणीने कोरडे झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. आणि कापताना साचलेला रेंदा ओला असतानाच उचलून खड्ड्यात पुरावा. वाळला की त्याची पुन्हा धूळच होते.